पांघरूण

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, तासाला सहा डॉलर,
आणि काम काय, तर एका गाडीला निजवायचं.
मी पंधरा वर्षांची. ऑरेस्ट ह्रिन्चुक सत्तरीपुढचे.
यॉर्क्टनच्या उत्तरेला, धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे,
एकसष्ट सालची पॉन्टियाक,
काकडीच्या गरासारखी फिकट हिरवी.
शेडमध्ये मुलाचं कम्बाइन उभं.
कमावतं यंत्र आत झोपतं, हा त्या घरातला नियम.

"आधी धू. कापडाखाली धूळ राहिली
तर वारा तिचाच रंधा करतो,
आणि इथला वारा रात्रपाळीलाही येतो."
मग सुकव. दाराच्या फटीतली ओलसुद्धा.
मग मेण, बोटांनी, गोल गोल,
जसं... ते शब्द शोधत राहिले,
सापडला नाही, हात फिरत राहिला.

चाकांखाली फळ्या.
सायलेन्सरच्या नळीत तारेचा काथ्या, उंदरांसाठी.
हँडब्रेक सैल, "नाहीतर एकदा धरला की सोडत नाही,
माझ्या बहिणीसारखा."
मी आणलेली निळी ताडपत्री
त्यांनी उचलून सरपणावर टाकली.
"प्लॅस्टिक घाम साठवतं आणि गाडीवरच थुंकतं.
पांघरूण असं हवं, की आतल्याला श्वास घेता येईल."

"बॅटरी काढू?" एवढं मला वडिलांमुळे ठाऊक होतं.
"ती नंतर," म्हणाले, आणि चहा आणायला गेले.
मी बॉनेट उचललं.

आत काही नव्हतं.
म्हणजे, काळा रंगवलेला सांगाडा होता,
चार मोकळे बोल्ट, तेल लावलेले,
आणि आरपार खाली पिवळं गवत,
गवतात थंडीनं जड झालेला एक टोळ.

ते दोन कप घेऊन उभे होते.
"नेस्टरच्या ट्रकमध्ये आहे. माझा मेहुणा.
एका सुगीपुरतं म्हणून नेलं. अठ्ठ्याहत्तर साली."
आम्ही चहा प्यायलो.
"लोक विचारतात, चालते का अजून?
मी म्हणतो, उन्हाळ्यात विचारा."
"आणि उन्हाळ्यात?"
"उन्हाळ्यात म्हणतो, पेट्रोल बघा काय महाग झालंय."

बॉनेट मी सावकाश खाली घेतलं.
मिटताना त्याचा आवाज चांगला होता, जड,
भरल्या घराच्या दारासारखा.
मग आतला फ्लॅनेलचा थर, मग बाहेरचा.
पोटाखालून पट्टे, आवळून,
सैल कापड रात्रभर फडफडतं आणि रंग खातं.
आरशांवर त्यांनी कुणाचे तरी जुने लोकरी मोजे चढवले,
लाल, एकाच्या टाचेला रफू केलेला.

जानेवारीत उणे अडतीस.
शाळेच्या बसमधून फक्त एक पांढरी पाठ दिसायची.
"ए," ब्रेंट म्हणाला, "म्हाताऱ्याची ती गाडी, सुरू होते का खरंच?"
"होते की," मी म्हणाले.
आणि का कोण जाणे, पुढेही बोलले:
"बॅटरी स्वयंपाकघरात आहे त्यांच्या, चार्जरवर,
भाकरीच्या डब्याशेजारी."
डबा मी खरा पाहिला होता.

प्रत्येक मोठ्या बर्फानंतर मऊ झाडू घेऊन मी जायचे.
ढकलायचं, खरवडायचं नाही.
कापड गोठून चिकटलं तर ओढायचं नाही,
ऊन येईपर्यंत शेजारी उभं राहायचं.
त्या उभं राहण्याचे पैसे मी मागितले नाहीत,
त्यांनी दिले, मी घेतले, ते वेगळं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही पट्टे सोडले.
गंजाचा एक ठिपका, मागच्या कमानीवर, डाळीएवढा.
"तो जुनाच," ते घाईनं म्हणाले.
टोपी नीट केली, चाकामागे बसले, काच खाली घेतली.
मी मागून खांदा लावला.
फळ्यांवरून ती घरंगळली,
दोन हात, चार हात, कोठीच्या सावलीबाहेर,

आणि समोर नुसतं शेत असताना, रस्ता नसताना,
त्यांनी खिडकीतून हात सरळ बाहेर काढून
डावीकडे वळत असल्याची खूण केली.